बढती आणि सीआर

सरकारी कचेरीत बढतीचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, 'नंबर लागेल तेव्हा लागेल'. दुसरं, 'शेवटी साहेबांची मर्जी'. दोन्हींत तथ्य आहे. ज्येष्ठता यादी असतेच आणि साहेबही असतातच. पण या दोहोंच्या मध्ये वार्षिक गोपनीय अहवाल असतो, आपल्या बोलण्यातला 'सीआर'. त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नाही.

देव दत्त नावाचे एक कार्यकारी अभियंता सीमावर्ती रस्त्यांच्या कामावर होते. अधीक्षक अभियंता व्हायला लागोपाठ पाच वर्षं 'खूप चांगला' असा शेरा हवा होता. 1993-94 या एकाच वर्षी त्यांना मिळाला नुसता 'चांगला'. चांगला म्हणजे काही वाईट नव्हे, म्हणून तो त्यांना कळवलाही गेला नाही. बढती मात्र हुकली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेरा बरा असो की वाईट, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे, असा निकाल 2008 मध्ये लागला. तोवर देव दत्त निवृत्त झाले होते!

आज हा हक्क आपल्याला आयता मिळाला आहे, आणि आपण तो वापरत नाही. एप्रिल ते मार्च या वर्षाचं स्वयंमूल्यमापन लिहायची वेळ आली की गेल्या वर्षीचाच मजकूर उतरवून काढतो: 'नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली.' यातून वाचणाऱ्याला काय कळणार? किती थकीत प्रकरणं निकाली काढली, कोणता जादा कार्यभार सांभाळला, ते आकड्यांत लिहा. स्वतःविषयी लिहिण्याचा संकोच इथे कामाचा नाही. नंतर शेरा वाचा, पटला नाही तर मुदतीत लेखी अभिवेदन द्या. तोंडी कुरकुर फाइलला लागत नाही.

विभागीय परीक्षा टाळत राहणं हाही असाच आतबट्ट्याचा व्यवहार. महसूल खात्यात लिपिकाला अव्वल कारकून व्हायचं तर महसूल अर्हता परीक्षा द्यावीच लागते. ती रखडली की मागून आलेला पुढे जातो.

बदलीच्या धास्तीने बढती नाकारणारेही पुष्कळ. घरच्या अडचणी खऱ्या असतात, त्यांना नावं ठेवणार नाही. पण 10, 20, 30 वर्षांनी मिळणारी आश्वासित प्रगती योजनेची वेतनवाढ अशा नकाराने हातची जाऊ शकते, हा हिशेब आधी मांडावा.

तेव्हा पुढची ज्येष्ठता यादी लागेल त्या दिवशी आपलं नाव, जन्मतारीख आणि नेमणुकीची तारीख स्वतः तपासा, आणि चूक दिसली तर हरकत त्याच आठवड्यात नोंदवा.