अजब बंगल्यातील नकाशा



ज्या भिलाईत आपण आज जमलो आहोत तिचा सारा संसार दल्ली-राजहराच्या लोहमय डोंगरांवर उभा आहे. आणि तरीही या मुलखातील लोखंडाचे वर्णन सरकारी दप्तरात दाखल झाल्यावर त्यावर भरवसा ठेवून कोणी त्या डोंगरांची वाट धरीपर्यंत पंधराहून अधिक वर्षे लोटली. एखादी हकीकत खरी असणे आणि ती मनास पटणे यांत केवढे अंतर असते, याचा याहून जवळचा दाखला मला ठाऊक नाही.

आरंभ चांदा जिल्ह्यातून करावा लागतो. तेथील लोहाऱ्याच्या खनिजाची वाखाणणी करणारा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल जमशेटजी टाटांच्या वाचनात १८८२ मध्ये आला. अहवाल छापील, लिहिणारा परदेशी जाणकार, जवळच वरोऱ्याची कोळशाची खाण, आणि वाचणाऱ्याच्या अंतःकरणात पोलादाचा ध्यास. विश्वास बसण्यास लागणारी सगळी सामग्री जुळून आली होती. परंतु वरोऱ्याचा कोळसा कसास उतरला नाही, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वेल्ड या अमेरिकन भूगर्भतज्ज्ञाने प्रत्यक्ष तपास केला तेव्हा तेथील खनिजही मोठ्या कारखान्यास पुरणारे नाही असे आढळले.

चांद्याची तजवीज सोडून देत आहोत, हे कळविण्यासाठी दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात गेले. संबंधित अधिकारी जागेवर नव्हते. म्हणून वेळ घालविण्याकरिता दोराबजी समोरच्या संग्रहालयात, म्हणजे नागपूरकर ज्याला अजब बंगला म्हणतात तेथे, शिरले आणि मध्यप्रांताच्या भूगर्भीय नकाशापुढे थबकले. दल्ली-राजहरा ज्या मुलखात आहे त्या दुर्गच्या परिसरावर लोखंड दर्शविणारा गडद रंग दिलेला होता! पुढे दोराबजी आणि वेल्ड तेथे पोहोचले, तेव्हा पायाखालचा डोंगर धातूसारखा निनादत होता, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे.

या हकीकतीत एक नाव मात्र बहुधा गाळले जाते, आणि त्याची मला खंत वाटते. भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील प्रमथनाथ बोस यांनी रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील, म्हणजे याच मुलखातील, लोखंडाच्या धंद्यावर १८८७ मध्येच लेख प्रसिद्ध केला होता. तो लेख वाचण्यास सवड आणि चिकाटी हवी. नकाशावरील रंग मात्र क्षणात डोळ्यांत भरतो, आणि तो डोळा आधीपासून लोखंडच शोधीत होता. ऐकणाऱ्याच्या मनात ज्या गोष्टीसाठी जागा रिकामी असते ती गोष्ट चटकन आत शिरते, हे माझे या विषयातील मुख्य प्रतिपादन आहे. टाटांचा कारखाना पुढे साकचीस गेला. दल्ली-राजहराचे लोखंड कामी आले ते सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये करार होऊन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाल्यानंतर.

अशीच रिकामी जागा शोकग्रस्त घरातही असते. मूल अकस्मात दगावते, गाय आटते, कारण कोणास सांगता येत नाही. आणि मग एखाद्या एकाकी विधवेचे नाव कोणीतरी हळूच उच्चारते, ते आप्तांच्याच तोंडून आल्यामुळे पटते, आणि ती ‘टोनही’, म्हणजे चेटकीण, ठरते. येथे डोंगर चढून पाहणारा वेल्ड नसतो, शहानिशा होत नाही, आणि जाब मात्र निरपराध स्त्रीस द्यावा लागतो. छत्तीसगडने २००५ मध्ये टोनही प्रताडना निवारण अधिनियम केला. कोणासही टोनही ठरविणाऱ्यास त्याअन्वये तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण कायदा फिर्याद झाल्यावर जागा होतो, आणि कुजबुज तर त्याच्या पुष्कळ आधी गावभर झालेली असते.

छत्तीसगडच्या हरेली सणाची अमावास्या पुन्हा येईल. त्या रात्री टोनहीच्या धास्तीने दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचल्या जातील. तुमच्या कामगारांच्या, घरकाम करणाऱ्या बायांच्या गावी त्या सुमारास कोणा स्त्रीचे नाव निघाले, तर तुम्ही स्वतः तेथे जा, कोणी काय पाहिले ते चारचौघांसमक्ष विचारा, आणि ती स्त्री संकटात दिसल्यास त्याच दिवशी पोलीस ठाण्यात वर्दी द्या, एवढी माझी आपणा सर्वांस हात जोडून विनंती आहे.