चर्चच्या शाळेपासून जॅझपर्यंत

गोव्यातल्या पेडणे-डिचोलीत रात्र जागते ती भजनाला आणि दशावताराला. हे तालुके पोर्तुगीजांकडे आले अठराव्या शतकाच्या अखेरीस. आधीच पोर्तुगीजांच्या हाती असलेल्या बार्देश-सासष्टीत मात्र चर्चच्या शाळा फार आधीपासून होत्या. तिथं मुलं आधी सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गाणं, घोटायची, मगच व्हायोलिन हाती यायचं. याच शिदोरीवर गोंयकार वादक मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत पोचले.

1930 नंतर लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकी जॅझवादक मुंबईच्या ताज हॉटेलमध्ये वाजवू लागले. कागदावरचा स्वर चोख वाजवणाऱ्या गोंयकारांना त्यांच्याकडून स्विंगचा झोका मिळाला, आयत्या वेळी सुचेल ते वाजवायची मोकळीकही. हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजेच ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, यांचा आदर्श होता अमेरिकी जॅझवादक लुई आर्मस्ट्राँग.

पुढे सी. रामचंद्र यांच्यासारख्या संगीतकारांमुळे हा ठेका सिनेमात आला. 1951 च्या ‘अलबेला’तलं ‘दीवाना परवाना’ जरूर पाहा. झालरीच्या कपड्यांत चिक आणि त्यांचे साथीदार पडद्यावरच वाजवताना दिसतात! एरवी या मंडळींची नावं श्रेयनामावलीतही क्वचितच असत, ही खंत मनातून जात नाही. जॅझ आपल्या पेडण्या-डिचोलीच्या घराघरांत शिरला तो या सिनेगीतांतूनच, रेडिओवरून.

मग संगीतकार क्रिस पेरींनी गायिका लॉर्नाच्या आवाजात कोंकणी गीतांना जॅझची लय दिली. सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस तर त्याच जॅझमध्ये आपले राग घेऊन आले.