चहाचं भावंड आणि आईचं हिमोग्लोबिन

आजचा विषय एका फुलझाडाचा आहे. पण ऐकताना हातात चहा असेल तर आधी तो संपवा. का, ते पुढे कळेलच.

तर झालं असं, मागच्या पावसाळ्यात पुण्याहून पाटोद्याला घरी जाताना मी आईसाठी कॅमेलियाचं रोप नेलं. जपानी कॅमेलिया. गुलाबासारखं भरगच्च फूल, चकचकीत गडद पानं आणि काटा एकही नाही. अंगणात जास्वंदीशेजारी लावलं.

आता गंमत ऐका. आपला चहा म्हणजेसुद्धा कॅमेलियाच! कॅमेलिया सायनेन्सिस. त्यालाही पांढरी छोटी फुलं येतात, मधे पिवळे केसर. पण मळ्यात झुडूप छाटून कमरेएवढं ठेवतात आणि कोवळी पानं खुडत राहतात, म्हणून चहाचं फूल आपल्या डोळ्यांसमोर कधी येत नाही. ग्रीन टी काय आणि आपला नेहमीचा चहा काय, पान तेच, प्रक्रिया वेगळी. जपानी कॅमेलियाच्या बियांचं तेल जपानमध्ये केसांना लावतात. चीनमध्ये आणखी एका जातीच्या बियांच्या तेलात स्वयंपाक होतो.

असो. दोन महिन्यांत आमच्या रोपाची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. मी ॲपवर फोटो टाकत बसलो. अण्णांनी एकदा बघितलं आणि म्हणाले, "आरं, आपल्या सोयाबीनवाणी झालंय की हे. फेरस कमी पडलंय त्याला."

अगदी बरोबर होतं. कॅमेलियाला आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती लागते. आमची माती चुनखडीची, बोअरचं पाणीही क्षाराचं. अशा मातीत लोह असतं, पण ते विरघळत नाही, म्हणून मुळांना मिळत नाही. खत कमी नव्हतं, वाट अडली होती.

त्याच आठवड्यात आईचा रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ९ च्या खाली. तीन महिने लोहाच्या गोळ्या चालू होत्या, तरी! डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कशासोबत घेता?" आई म्हणाली, "चहासोबत. त्याच्याबिगर घशाखाली उतरत न्हाई."

तिथंच घोळ होता. चहाला तुरटपणा देणारी टॅनिनसारखी द्रव्यं पोटात लोहाला धरून ठेवतात, मग ते रक्तात कमी जातं. गोळीचं तेच, बाजरीच्या भाकरीतल्या लोहाचंही तेच. आणि आमच्याकडे सकाळची न्याहारी म्हणजे चहा-भाकरी! ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची तर पहाटच कोऱ्या चहावर सुरू होते.

चहा सोडा असं मी म्हणणार नाही, घरात कुणी ऐकणारही नाही. फक्त जेवण किंवा गोळी आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. भाकरी-भाजीवर लिंबू पिळा, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांना दाखवा, कारण दुसरंही असू शकतं.

आईचा आकडा आता ११ च्या वर गेलाय. रोप मी कुंडीत हलवलं, कोकोपीट आणि पानांचं खत घालून. पावसाचं साठवलेलं पाणी देतो. नवं पान हिरवं आलंय, फूल अजून नाही.

आज घरी फोन कराल तेव्हा एवढंच विचारा, "आई, गोळी कशासोबत घेतेस?" भेटू पुढच्या भागात!