मनगटावरचे अक्षर
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



मनगटावरचे घड्याळ आता केवळ वेळ सांगत नाही. ते निरोप दाखवते आणि त्याचे उत्तरही मागते. पण उत्तर लिहावयाचे कोठे? इंग्रजी कळफलकाच्या पहिल्या ओळीत दहा अक्षरे असतात. तीन सेंटिमीटर रुंदीच्या काचेवर एकेका अक्षराच्या वाट्याला अवघे तीन मिलिमीटर येतात. बोटाचे टोक मात्र सुमारे एक सेंटिमीटर जागा व्यापते. साहजिकच एक अक्षर दाबावयास जावे, तर शेजारची दोन-तीन झाकली जातात.

या अडचणीतून निघालेल्या दोन वाटा सांगतो. २०१३ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'झूमबोर्ड' मांडला. त्याचा कळफलक होता १६ मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर उंच! पहिल्या स्पर्शाने तेथला भाग मोठा होई, पुढच्या स्पर्शाने अक्षर उमटे. वेग मिनिटाला सरासरी ९.३ शब्द. वेग मंद खरा, पण काम होत होते.

दुसरी वाट गणिताची. बोट चुकणारच, हे आधीच गृहीत धरावयाचे. मग यंत्र दोन गोष्टी पाहते: बोट कोठे पडले, आणि या भाषेत येथे कोणता शब्द येणे अधिक संभवनीय आहे. दोहोंचा मेळ घालून ते शब्द ठरवते. या गणिताचे मूळ थॉमस बेज यांच्या १७६३ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आहे. "हे गणित पुढे कोठे उपयोगी पडणार?" असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांना हे एक उत्तर.

पण कोणता शब्द संभवनीय, हे यंत्राला शिकवणार कोण? त्या भाषेत माणसांनी लिहिलेला मजकूर! आपल्या लिपीचे काम आणखी नाजूक आहे. 'क्षि' हे एक अक्षर दिसते, परंतु यंत्राच्या हिशेबी त्यात क, हलन्त, ष आणि वेलांटी अशा चार खुणा असतात. मजकूर थोडा आणि अशुद्ध असेल, तर यंत्राचा अंदाजही तसाच राहील.

पालकहो, "मुलाला इंजिनिअर व्हावयाचे आहे, भाषेचा तास कशाला?" असे कृपया म्हणू नका. या तीन मिलिमीटरांच्या जागेत गणित आणि भाषा यांना एकत्रच बसावे लागते. आणि विद्यार्थी मित्रांनो, घरी बोलता ती भाषा आणि शाळेत शिकता ती भाषा, दोन्ही शुद्ध लिहा, भरपूर लिहा. जी भाषा लिहिली जाणार नाही, तिचा अंदाज यंत्राला बांधता येणार नाही.