झिका, नवराबायको आणि पोटातलं बाळ
(घाटघर, ता. जुन्नर येथे जोडप्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज डासाबद्दल बोलायचं आहे आणि नवराबायकोबद्दलही. आधी लाजून घ्या, मग ऐका.

आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात जुलै २०२१ मध्ये महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला. त्या बाई बऱ्या झाल्या. पण गावाला सांगण्यात आलं, चार महिने दिवस राहू देऊ नका. निरोधही वाटले. लोक चक्रावले. ताप डासाचा, मग निरोध कशाला?

कारण असं. झिका मुख्यतः एडिस डासापासून होतो, दिवसा चावणाऱ्या. पण हा विषाणू पुरुषाच्या वीर्यात ताप उतरल्यावरही आठवडेच्या आठवडे राहू शकतो. २००८ साली एक अमेरिकन शास्त्रज्ञ सेनेगलहून आजारी होऊन घरी परतला आणि त्याच्या बायकोलाही तोच आजार झाला. ती देशाबाहेर गेलीच नव्हती.

म्हणून नवऱ्याला झिका झाला तर त्याची चाल वाईट, असं कुणी म्हणू नये. त्याला डास चावला, एवढंच. एका ताटात जेवल्याने तो पसरत नाही. त्या घराला वाळीत टाकू नका.

मोठ्या माणसाला झिकाचा त्रास बहुधा थोडाच. अंगावर पुरळ, डोळे लाल, सांधे दुखतात. पुष्कळांना तर काहीच कळत नाही. भीती पोटातल्या बाळाची. गरोदरपणी लागण झालेल्या शंभर बायांपैकी पाच ते पंधरा जणींच्या बाळांना इजा होते. डोकं लहान राहतं, मेंदू वाढत नाही. ब्राझीलमध्ये २०१५ साली अशी लेकरं जन्मली, तेव्हा जग जागं झालं. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे शहरात साठाहून जास्त रुग्ण निघाले, त्यांत गरोदर बायाही होत्या.

आता आपलं. आपले गडी नारायणगावला मजुरीला जातात, पोरं पुण्याला, चाकणला. साथ असलेल्या ठिकाणाहून नवरा परतला आणि बायको पोटुशी असेल, तर बाळंत होईपर्यंत निरोध वापरा, नाहीतर दूर राहा. मूल हवं असेल तर पुरुषाने तीन महिने थांबावं, बाईने दोन. हे जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे. निरोध आशाताईंकडे मिळतात. काही वडीलधाऱ्यांना हा शब्द सभेत आवडत नाही, पण लेकराहून आपला संकोच मोठा नाही.

मूल होत नाही म्हणून शहरात उपचार घेणाऱ्या जोडप्यांनीही ताप आला असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं. दुसऱ्याचं वीर्य वापरतात तिथेही हा धोका आहे. अमेरिकेत २०१६ साली शिफारस झाली की झिका झालेल्या दात्याचं वीर्य सहा महिने घेऊ नये.

आणि पाणी. इथे पावसाळ्यात धो धो कोसळतो, उन्हाळ्यात हंड्यासाठी वणवण. म्हणून पिंप, रांजण भरून ठेवतो, तिथेच एडिस अंडी घालतो. अंडी कोरड्या भांड्यालाही महिनोन्महिने चिकटून राहतात. नुसतं ओतू नका, आठवड्यातून एकदा आतून घासा आणि फडकं बांधा.

लस नाही, खास औषधही नाही. गरोदर बाईला ताप आणि पुरळ आलं, तर अंगारा लावत बसू नका. त्याच दिवशी आशाताईंना सांगा आणि दवाखान्यात जा. रक्त-लघवी तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवता येते.

आता बाया इकडे, गडी तिकडे बसा. काय विचारायचं ते मोकळेपणाने विचारा.