वन्समोअर आणि हिशेब
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



मी भाषण करायला नाही, हिशेब द्यायला उभी आहे. वर्गाच्या ग्रुपवर मी "संगीत नाटक करतेय, पैसे कमी पडतायत" असं टाकलं होतं. एकतीस जणांनी मिळून २,४०,००० रुपये दिले. कुणी पाचशे, कुणी पंचवीस हजार. नाटक कसलं, हे निम्म्यांनी विचारलंही नाही.

ते आहे २०१९च्या महापुराचं. सांगलीत कृष्णेचं पाणी घरात शिरतं आणि एक म्हातारी सगळं सोडून पायपेटी माळ्यावर चढवायला निघते. बारा पदं, नवीन चाली. पाठीशी ना संस्था, ना निर्माता. मी दिवसा कोड लिहिते, रात्री तालमीची हजेरी घेते.

सांगलीत इंजिनिअरिंगला असताना विष्णुदास भावे म्हणजे माझ्यासाठी फक्त एका नाट्यगृहाचं नाव होतं. आता त्यांच्या पैशांची गोष्ट जास्त जवळची वाटते. १८४३मध्ये 'सीतास्वयंवर' झालं ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं. १८५१मध्ये ते वारले, आश्रय गेला. १८५३मध्ये भाव्यांनी मुंबईत तिकीट लावून खेळ केले. अण्णासाहेब किर्लोस्कर तर सरकारी नोकरीतले. १८८०मध्ये त्यांनी पुण्यात 'शाकुंतल' आणलं तेव्हा आधी चारच अंक दाखवले. आमच्या धंद्यात याला बीटा म्हणतात! मीही तेच केलं. आधी पहिल्या अंकाचं वाचन केलं, लोक कुठे चुळबुळतात ते पाहिलं आणि दोन पदं काढून टाकली.

मग पैसे जायला लागले. तालमीची जागा, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, नेपथ्याचा टेम्पो, प्रकाशयोजना, मिरजेहून येणारे तीन वादक. पहिला प्रयोग इथे साताऱ्यात, शाहू कलामंदिरात झाला. तुमच्यातले बरेच जण होते, त्यामुळे टाळ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

दुसरा सांगलीत, भावे नाट्यमंदिरात. आठवडाभर आधी एका प्रायोजकानं हात वर केले. मी वहीत वादकांच्या मानधनापुढे अठरा हजार पाहिले आणि ठरवलं, साथ रेकॉर्ड करून लॅपटॉपवर वाजवू. तिन्ही वादकांना फोन करून नको म्हणून सांगितलं. त्यांनी वाद घातला नाही, म्हणून जास्त लागलं.

तिसरं पद संपलं आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "वन्समोअर!" सांगलीच्या प्रेक्षकानं नव्या नाटकाला वन्समोअर द्यावा, याहून काय पाहिजे? गाणाऱ्या मुलीनं विंगेत माझ्याकडे पाहिलं. मी घाईनं ट्रॅक मागे घ्यायला गेले आणि पुढच्या पदाची साथ सुरू झाली. पुराच्या पाण्याची. ती गोंधळली, सूर सुटला, लोक हसले. तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली बाई एका बटणाशी झटापट करत होती.

आपल्या संगीताच्या बाई पुढच्या रांगेत होत्या. नाटक संपल्यावर आत आल्या, त्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, "अगं, त्यांनी मागितलं होतं. तू दिलं नाहीस." बाई, आज तुमच्यासमोर कबूल करते, त्या रात्री मी घरी जेवले नाही.

तर हिशेब. दोन प्रयोगांसकट एकूण खर्च ३,१०,०००. तुमचे २,४०,०००, तिकिटांचे ५८,०००. उरलेले बारा हजार मी घातले. म्हणजे तुमचे पैसे संपले. ते देणगी म्हणून दिले होते, असं आता तुम्ही म्हणाल. पण ज्यांना परत हवे असतील त्यांना मी वर्षभरात हप्त्यानं देईन. संकोच करू नका, मुलांच्या फिया सगळ्यांनाच आहेत.

तिसरा प्रयोग पुन्हा सांगलीतच करणार आहे. वादकांकडे मी स्वतः मिरजेला जाऊन आले. तबलजी आधी चहा पाजून गप्प बसले, मग म्हणाले, "तारीख सांगा." त्यांचं मानधन या वेळी आगाऊ दिलंय, माझ्या पगारातून. त्यामुळे आज मागायचं काहीच नाही.

हिशेबाची वही बाहेर नावनोंदणीच्या टेबलावर आहे, पावत्यांसकट. चहाच्या वेळी चाळा. टेम्पोची एक पावती पावसात भिजली आहे, तो आकडा मला विचारा.