न लागलेला ठसका



पक्षाघातातून सावरणाऱ्या माणसाला घरचे पहिला घास भरवतात तो मऊ भाताचा, वर दोन घोट पाणी. ठसका लागला नाही की सगळ्यांना हायसं वाटतं. कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून मला मात्र त्या न लागलेल्या ठसक्याचीच धास्ती वाटते. घशाची संवेदना गेली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरतं आणि माणूस साधा खोकतही नाही. मग ताप येतो, न्यूमोनिया निघतो.

हे बाहेरून कळत नाही. बेरियम पाजून क्ष-किरणांखाली गिळणं पाहता येतं, पण अंथरुणाला खिळलेल्याला तिथवर न्यायचं कसं? १९८८ साली अमेरिकेत सुसान लँगमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी तपासणी मांडली. तीन-चार मिलिमीटर जाडीची लवचिक दुर्बीण नाकातून घशापर्यंत न्यायची आणि रुग्णाला चक्क खायला द्यायचं. तेही त्याच्या खाटेवरच.

या दुर्बिणीत एक उणीव आहे. गिळण्याच्या ऐन क्षणी घसा आवळतो, दुर्बिणीच्या टोकाभोवती मिटतो आणि सुमारे अर्धा सेकंद पडदा पांढराफटक होतो. कॅमेरा कितीही भारी आणा, हा अर्धा सेकंद हाती लागत नाही. म्हणून सुधारणा हवी ती आधीचं आणि नंतरचं नीट वाचण्यात. पूर्वी काचतंतूंच्या जुडग्यातून जाळीदार, धूसर चित्र यायचं. आता टोकालाच कॅमेऱ्याची चिप असते. पाण्यात हिरवा खाण्याचा रंग मिसळला की स्वरतंतूंच्या खाली गेलेली बारीकशी रेघही उठून दिसते. चित्रीकरण ठेवलं तर एकेक चौकट मागे-पुढे करून पाहता येते. हे चित्रीकरण मी कधीही टाळत नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहताना माझ्याकडून रेघा निसटल्या आहेत.

गिळण्यातला धोका मोजणाऱ्या, १९९६ पासून वापरात असलेल्या आठ पायऱ्यांच्या मोजपट्टीत शेवटची, सर्वांत वाईट पायरी हीच आहे: अन्न स्वरतंतूंखाली उतरलं आणि शरीराने ते बाहेर काढायची धडपडही केली नाही.

अशी दुर्बीण आपल्याकडे अनेक कान-नाक-घसा तज्ज्ञांपाशी आहे. ती स्वरतंतू पाहून बाहेर काढली जाते. तिच्यासमोर चमचाभर पेज आणि शेजारी गिळण्याचे व्यायाम शिकवणारा थेरपिस्ट हवा, एवढंच माझं मागणं आहे.

एका आजींची डावी बाजू लुळी पडली होती. सरळ बसून पाणी प्यायल्या, तर पडद्यावर हिरवी रेघ थेट श्वासनलिकेत. खोकला नाही. मी म्हटलं, "आजी, मान डावीकडे वळवा आणि मग गिळा." घोट उजव्या, धडक्या बाजूने गेला, खाली काही उतरलं नाही. मुलगा पडद्याकडे बघत होता. संध्याकाळी त्याने आईला चहा पाजला, चमच्याचमच्याने, तिची मान हाताने डावीकडे धरून.